सकाळी आठचा त्र्यंबक रोड

पंचवटीतून सातपूर एमआयडीसीत कामाला जायचं तर नऊ-दहा किलोमीटर पडतात. होळकर पूल ओलांडायचा, मग रविवार कारंजा, अशोक स्तंभ, मेहेर, सीबीएस, (मध्यवर्ती बसस्थानक), त्र्यंबक नाका, गोल्फ क्लबचं मैदान, मायको सर्कल, एबीबी सर्कल आणि पुढे आयटीआय सिग्नल. नाशिककरांना ही नावं पाठ असतात. सायकलवर बसलं की याच रस्त्याबद्दल आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे जाताना तो चढाचा आहे. गोदावरीच्या पात्रापासून पश्चिमेला, त्र्यंबकच्या डोंगरांकडे जमीन हळूहळू उंच होत जाते. स्कूटरला त्याचं काही वाटत नाही, मांड्यांना पहिल्याच आठवड्यात कळतं. परतीला तोच उतार घरापर्यंत आणून सोडतो, आणि दिवसभर उभं राहून काम केलेल्या माणसाला त्याची किंमत फार असते.

मी सातपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. हातात कायम मोजमापाचं काहीतरी, व्हर्निअर, मायक्रोमीटर नाहीतर गेज. जनरल शिफ्ट, साडेआठला गेटच्या आत. २०२२ च्या दिवाळीनंतर मुलीचे क्लास सुरू झाले आणि घरातली एकुलती एक स्कूटर तिच्याकडे गेली. दुसरी गाडी घ्यावी की बस धरावी, असं घरात बोलणं चाललं होतं. वडील ऐकत बसले होते. ते म्हणाले, "आम्ही सगळी नोकरी सायकलवर केली." वडीलही सातपूरलाच होते. सत्तरच्या दशकात इथे कारखाने उभे राहत होते, तेव्हा शिफ्ट सुटली की गेटबाहेर सायकलींचा लोंढा निघायचा. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लावावा लागे, आणि अंधार पडल्यावर दिवा नसेल तर पोलीस चाकातली हवा सोडत. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी ते ऐकलं आणि सायकल घ्यायचं ठरवलं.

दुकानात आधी जाड टायरच्या आणि पुढे स्प्रिंग असलेल्या सायकली दाखवतात. दिसायला त्या दणकट असतात. पण डांबरी रस्त्यावर पायातली बरीच ताकद ती स्प्रिंग खाते, आणि खडबडीत टायर रस्त्याला घासत राहतो. मला रोज ऑफिसची बॅग, डबा आणि पावसाळ्यात रेनकोट न्यायचा होता. म्हणून मी फ्रेमवर मागे कॅरिअर आणि मडगार्ड बसवायला आटे पाडलेले आहेत का, ते आधी पाहिलं. शेवटी ७०० सी मापाच्या चाकांची, ३५ मिलिमीटर टायरची हायब्रिड, म्हणजे शर्यतीच्या आणि जाड टायरच्या सायकलीच्या मधली, घेतली. मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर, घंटी आणि स्टँड तिथेच बसवून घेतलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, यानं वजन वाढतं." मला शर्यत जिंकायची नव्हती, पाठीवर चिखलाची रेघ न घेता कामावर पोचायचं होतं.

कामावर जायला लागण्याआधी रस्ता बघून घेतला, दोन रविवारी पहाटे. एक रस्ता सरळ त्र्यंबक रोडचा. दुसरा अशोक स्तंभावरून गंगापूर रोडने जेहान सर्कलपर्यंत आणि तिथून महात्मानगरमधून एबीबी सर्कलला. दुसरा थोडा लांब आहे, पण महात्मानगरातून जाताना जड वाहनं लागत नाहीत आणि झाडांची सावली मिळते. मी अजूनही उन्हाळ्यात परत येताना तोच घेते. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड आहे. त्यावर सायकलसाठी वेगळी मार्गिका आखलेली आहे. सकाळी पावणेआठला ती बऱ्यापैकी मोकळी मिळते. संध्याकाळी तिच्यावर दुचाक्या उभ्या असतात, मग मुख्य रस्त्यानेच यावं लागतं. शहरात असा पट्टा किलोमीटरभरच आहे. बाकीचे आठ किलोमीटर बस, रिक्षा, टेम्पो आणि ट्रेलर यांच्यासोबत.

या आठ किलोमीटरचं एक शास्त्र आहे आणि ते मला हळूहळू उलगडलं. सकाळी मी पश्चिमेला जाते, म्हणजे सूर्य माझ्या पाठीशी असतो. मला सगळं लख्ख दिसतं. पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन असतं, आणि तो उजवीकडे वळताना मला पाहीलच असं नाही. म्हणून हिवाळ्यात, सूर्य खाली असतो तेव्हा मी दिवसाउजेडीही पुढचा दिवा लुकलुकता ठेवते. उभ्या असलेल्या मोटारींपासून एका दाराचं अंतर राखायचं, कारण दार कधी उघडेल सांगता येत नाही. सिग्नलला ट्रेलरच्या डाव्या बाजूने पुढे सरकायचं नाही. एक तर त्याच्या मागे थांबायचं, नाहीतर इतकं पुढे जायचं की केबिनमधून आपण दिसू. ट्रेलर डावीकडे वळतो तेव्हा त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, ती कोपरा कापत आत येतात. ही एवढी एक गोष्ट सातपूरला सायकलने जाणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी बसवून सांगितली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

घामाचं विचाराल तर, जाताना जोर कमी लावायचा. चढ असला तरी हलका गिअर टाकून पाय भराभर फिरवले तर दम लागत नाही आणि गुडघेही दुखत नाहीत. कुर्ता आणि ट्रॅकपँट घालून जायचं, ओढणी नाही. कारखान्यात युनिफॉर्म आणि सेफ्टी शूज लॉकरमध्ये असतातच. ओल्या नॅपकिनने तोंड-मान पुसायची, कपडे बदलायचे, झालं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची सकाळ दहा अंशांच्या आसपास असते, तेव्हा तर तेवढंही लागत नाही. फक्त हातमोजे हवेत, नाहीतर ब्रेक धरायची बोटं बधिर होतात.

आता मी सायकलवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये आहे, त्यात कशी आले ते सांगते. मायको सर्कलच्या सिग्नलला एका सकाळी माझ्या शेजारी एक गृहस्थ येऊन थांबले. अंगात पोपटी जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, वय साठीच्या आसपास. माझ्या पायांकडे पाहून म्हणाले, "ताई, सीट दोन बोटं वर घ्या. टाच पॅडलवर ठेवून पॅडल खाली नेलं की पाय सरळ झाला पाहिजे." सिग्नल सुटला आणि ते पुढे गेले. मी त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मेंटेनन्समधून पाना आणून सीट वर घेतली. संध्याकाळी उतारावर फरक कळला आणि दुसऱ्या दिवशी चढावर तर फारच कळला. पुन्हा भेटले तेव्हा मी त्यांना थांबवून आभार मानले. ते बँकेतून निवृत्त झालेले आणि पंचवटीतलेच निघाले. त्यांनी रविवारी पहाटे साडेपाचला पंचवटी कारंजावर यायला सांगितलं.

नाशिकमध्ये सायकलींचं वातावरण आहे, ते उगाच नाही. २०१५ साली इथल्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघात पूर्ण केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतचं सुमारे ४,८०० किलोमीटरचं अंतर त्यांनी नऊ दिवसांच्या आत कापलं. ती शर्यत पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. त्यानंतर गंगापूर रोडला पहाटे हेल्मेट घातलेले लोक दिसणं अगदी रोजचं झालं. नाशिक सायकलिस्ट फाउंडेशनची पंढरपूरची सायकल वारी तर आता घरोघरी माहीत आहे. आमचा ग्रुप या सगळ्यापुढे अगदी लहान, पंचवटी-मखमलाबाद भागातला. त्यात बँकेतले, शिक्षक, कांद्याचे एक व्यापारी, दोन डॉक्टर आणि महाविद्यालयातली काही मुलं. मी गेले तेव्हा बायका मोजक्याच होत्या.

रविवारी आम्ही कधी गंगापूर धरणाकडे जातो, कधी रामशेजच्या पायथ्याशी, कधी महिरावणीवरून अंजनेरीला. परत येताना मिसळ ठरलेली. काळ्या मसाल्याचा रस्सा, सोबत पापड आणि दही, आणि बाकड्यावर हेल्मेटांची रांग. पहिल्या रविवारी मी शेवटी होते. पण ग्रुपचा नियम असा आहे की शेवटच्या माणसाच्या मागे कायम एक अनुभवी माणूस असतो. तो पुढे जात नाही, घाईही करत नाही. त्या दिवशी माझ्या मागे शाळेत शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. अंजनेरीपर्यंत त्यांनी मला तीनच गोष्टी सांगितल्या. तहान लागण्याआधी पाणी प्यायचं, खांदे सैल ठेवायचे आणि चढ दिसायला लागला की तो लागण्याआधीच गिअर बदलायचा. चढात अडकल्यावर जोर लावून गिअर बदलला की चेन कुरकुरते आणि कधी उतरते.

त्याच मॅडमनी पुढे जे सांगितलं ते मला दुकानात कुणी सांगितलं नसतं, आणि मीही विचारू शकले नसते. लांब पल्ल्यानंतर जांघेत जे सोलवटतं ते कशाने. पॅडेड शॉर्ट्सच्या आत दुसरं काहीच घालायचं नसतं, कारण शिवण घासते. बहुतेक बायकांच्या बैठकीची हाडं पुरुषांपेक्षा थोडी रुंद असतात, म्हणून सायकलसोबत येणारी अरुंद सीट सोसत बसायची नाही, बदलून टाकायची. पाळीच्या दिवसांत काय करायचं, किती करायचं, कधी सरळ बसने जायचं. हे बोलणं मिसळीच्या टेबलावर पुरुष उठून गेल्यावर झालं. एखादी बाई सायकल सुरू करते आणि दोन महिन्यांत सोडून देते, तेव्हा लोक म्हणतात आळस. पुष्कळदा तिला ही एवढी माहिती देणारं कुणी भेटलेलं नसतं, बाकी काही नाही. ग्रुपमध्ये बायका वाढल्या त्या या गप्पांमुळे. आता नवीन बाई आली की आमच्यातली एक तिच्याशी याबद्दल आपणहून बोलते, तिने विचारायची वाट पाहत नाही.

पावसाळ्यासाठी तर मी ग्रुपची ऋणी आहे. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे सकाळी चढ आणि वारा दोन्ही समोरून. रीमवर पाणी असलं की ब्रेक लगेच धरत नाही, ब्रेकशूचा पहिला फेरा नुसतं पाणी पुसण्यात जातो. म्हणून सिग्नलच्या बरंच आधी हलके ब्रेक लावत यायचं. आणि पंक्चर! एमआयडीसीच्या रस्त्यांवर भंगाराच्या टेम्पोतून लेथवर निघणारी लोखंडाची बारीक बर सांडत जाते. कोरड्या दिवसात ती कडेला उडते. पावसात ती टायरला चिकटते आणि ओलं रबर लोखंडाला सहज कापू देतं. आठवड्यातून एकदा टायर हाताने चाचपून त्यात रुतलेली बर चिमट्याने काढायची, ही सवय मला बँकेतल्या काकांनी लावली. हवाही मोजून भरायची. माझ्या टायरच्या कडेला ५० ते ७५ पीएसआय छापलेलं आहे. पेट्रोल पंपावर मोटारीच्या सवयीने ३२-३५ भरून देतात. तेवढ्यात सायकल जड चालते आणि खड्ड्यात ट्यूब रीमखाली चिमटून फुटते. त्यामुळे घरी गेज असलेला पंप हवाच.

ट्यूब बदलायला मी ग्रुपमध्येच शिकले, पण पंक्चर काढायला शिकले ते कारखान्यात.

आमच्या डिस्पॅचला, म्हणजे माल रवाना करणाऱ्या विभागात, एक काका आहेत. महिरावणीच्या बाजूला राहतात आणि काळ्या ॲटलास सायकलवर येतात. मी सायकल लावायला शेडमध्ये जायला लागले तेव्हा आमची ओळख वाढली. तोवर माझ्या लक्षात आलं होतं की सातच्या शिफ्टला आणि साडेआठच्या शिफ्टला सातपूरमध्ये सायकलवर येणारी माणसं अजूनही बरीच आहेत. सुरक्षारक्षक, हेल्पर, कँटीनमधली पोरं, साफसफाई करणाऱ्या बायका. कॅरिअरला डबा, हँडलला पिशवी. यातले कित्येक जण ग्रुपमधल्या कुणाहीपेक्षा वर्षाला जास्त सायकल चालवतात. माझं आणि काकांचं अंतर जवळपास सारखंच पडतं. त्यांना येताना उतार, जाताना चढ, आणि पावसाळ्यात दिवसभराच्या कामानंतर वाराही समोरून. मी शाळेत होते तेव्हापासून ते हे करतायत.

एकदा पाऊस थांबल्यावर गेटबाहेरच माझं मागचं चाक बसलं. काकांनी चाक न काढताच काम केलं. सायकल आडवी केली, टायर एका बाजूने सोडवला, ट्यूब बाहेर ओढली, डबक्यातल्या पाण्यात धरून बुडबुडे पाहिले, ट्यूब घासली, सोल्युशन लावलं आणि ते वाळेपर्यंत टायरच्या आतून बोटं फिरवून बरीचा तुकडा शोधून काढला. "ट्यूब कुणीही चिकटवंल," ते म्हणाले, "टायरमधला काटा काढला नाही तर उद्या परत तिथंच." मागचं चाक गिअरच्या सायकलीला काढावं लागतं अशी माझी समजूत होती. साध्या पंक्चरला त्याची गरज नसते.

मी त्यांना रविवारी ग्रुपमध्ये यायला सांगितलं. ते हसले. "तिथं सगळे साहेब लोक. आम्ही रोजच चालवतो, रविवारी पाय पसरून बसायचं असतं." त्यांचं म्हणणं मला पटलं आणि खूप लागलंही. आमच्या ग्रुपमध्ये कोण किती किलोमीटर गेला, किती वेगाने गेला, घाट किती वेळात चढला, याची चर्चा असते. ती वाईट नाही. माणसांना त्यातून उत्साह येतो, मलाही आला. पण रोजच्या सायकलची त्यात जागाच नव्हती. मी रोज कामावर सायकलने जाते हे सांगितलं की लोक कौतुक करायचे आणि म्हणायचे, "ते वेगळं हो." शहरात सायकलीसाठी काही मागायचं असेल, मार्गिका, स्टँड, सिग्नलला जागा, तर ते कुणाच्या जिवावर मागणार? रविवारी पहाटे रस्ता तसाही मोकळा असतो. मार्गिकेची गरज मंगळवारी सकाळी आठ वाजता कॅरिअरला डबा लावून निघालेल्या माणसाला असते. तो माणूस ग्रुपमध्ये नसेल तर ग्रुपचं म्हणणं अर्धंच राहतं.

हे मी ग्रुपमध्ये जसंच्या तसं बोलले. कुणाला राग आला नाही. बँकेतले काका म्हणाले, "मग त्यांना रविवारी बोलवू नका. आपणच तिकडे जाऊ."

त्यातून पहिली गोष्ट झाली ती ३ जूनला. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ पासून हा दिवस जागतिक सायकल दिन म्हणून जाहीर केला आहे. एरवी त्या दिवशी आम्ही रॅली काढायचो, टी-शर्ट वाटायचो. त्या वर्षी टी-शर्टचे पैसे मागचे लाल दिवे आणि रिफ्लेक्टरच्या पट्ट्या यांत घातले आणि संध्याकाळी आयटीआय सिग्नलजवळ शिफ्ट सुटायच्या वेळी उभे राहिलो. सायकल थांबवायची, विचारायचं, मागच्या मडगार्डला पट्टी चिकटवायची, दिवा बांधून द्यायचा. काळी सायकल, गडद कपडे आणि पावसाची संध्याकाळ, असा माणूस मागून येणाऱ्या टेम्पोला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. लोकांना वाटलं काहीतरी विकतायत. मग डिस्पॅचचे काका आमच्यात येऊन उभे राहिले आणि ओळखीच्यांना हाका मारायला लागले, तेव्हा रांग लागली. त्यांच्या ॲटलासकडे पाहून आमच्यातला एक मुलगा म्हणाला की या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला तोही ३ जूनलाच. काकांनी फ्रेमवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ही नाही बंद पडली."

दुसरी गोष्ट म्हणजे पंक्चरचा वर्ग. महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी शिकवायला काका. ग्रुपमधले डॉक्टर, प्राध्यापक आणि महागड्या सायकलींचे मालक त्यांच्यासमोर उकिडवे बसतात. ते सगळ्यांना सोल्युशन फुंकर न मारता वाळू द्यायला लावतात, घाई केलेली त्यांना चालत नाही. पातळ टायरचा लांब, बारीक व्हॉल्व्ह त्यांनी प्रथम पाहिला तेव्हा तो दहा मिनिटं उघडून-मिटून समजून घेतला. आता त्यांच्या पिशवीत त्याचं पितळी ॲडॅप्टरही असतं. काका ग्रुपचे सभासद आहेत का, असा प्रश्न आता कुणी विचारत नाही. रविवारी ते अजूनही येत नाहीत.

मी मधल्या काळात पंढरपूरची सायकल वारी केली. नाशिकहून सिन्नर, मग नगर, करमाळा, टेंभुर्णी असं करत तीन दिवसांत सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. मोहदरी घाट पहाटे अंधारातच चढून झाला. नगरच्या पुढे ऊन आणि वारा यांनी अंत पाहिला. पंढरपुरात सायकलींचं रिंगण झालं तेव्हा डोळे भरून आले होते. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरला, म्हणजे मी रोज ज्या रस्त्याने अर्धी वाट कामाला जाते त्याच रस्त्याच्या टोकाला. त्या वाटेवरून त्यांची पालखी निघते. वारीबद्दल लिहायचं तर वेगळं लिहावं लागेल. इथे एवढंच सांगते की वारीला लागणारी तयारी मला वेगळी करावी लागली नाही. रोजचा त्र्यंबक रोड पायात होता, त्यावर काही रविवार लांबचे केले आणि दर तासाला थोडं खायची सवय लावली. वारीला जायचंय पण सरावाला वेळ नाही, असं म्हणणाऱ्या नोकरदारांना मी कामावर सायकलने जायला सांगते.

सध्या चालू आहे ती तिसरी गोष्ट. सोमवारी आणि गुरुवारी आम्ही सातपूरला एकत्र जातो. साडेसातला पंचवटी कारंजावरून निघायचं, आठच्या आत गोल्फ क्लबवर. तिथे सीबीएसच्या बाजूचे आणि मुंबई नाक्याकडचे येऊन मिळतात, एबीबी सर्कलला महात्मानगरचे. वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. एकामागे एक राहायचं, सिग्नलला मात्र एकत्र पुढे थांबायचं, म्हणजे ट्रेलरवाल्याला एक सायकल नाही, एक घोळका दिसतो. एकटी असताना मला रोज दोन-तीनदा तरी कडेला दाबलं जायचं, घोळक्यात ते क्वचित होतं. बसचे चालक आता ओळखतात आणि थांब्यावरून निघताना आम्हाला जाऊ देतात. सगळ्यात मागे मोठा लाल दिवा लावलेला माणूस, हे काम बहुधा बँकेतल्या काकांकडे. ते निवृत्त आहेत, त्यांना कुठल्याच गेटवर जायचं नसतं. सगळे आपापल्या कारखान्यापाशी गळत गेले की ते एकटे परत फिरतात आणि वाटेत चहा घेतात.

सिंहस्थ जवळ येतोय तशी शहरात रस्त्यांची कामं निघाली आहेत, त्यामुळे वाट अधूनमधून बदलावी लागते. आदल्या रात्री कुणीतरी कुठे खोदलंय ते कळवतं. पावसाळ्यात एबीबी सर्कलनंतर वारा झोंबायला लागतो, तेव्हा पुढे राहायची पाळी बदलत राहते, कारण मागच्याला वाऱ्याचा मार बराच कमी बसतो. नवीन माणसाला पहिले काही आठवडे मध्येच ठेवतो. सध्या मध्ये दोघी आहेत. एक आमच्या कँटीनमधली आहे, तिची सायकल जुनी आहे आणि पुढचा ब्रेक नीट धरत नाही, त्याचं काम डिस्पॅचचे काका या शनिवारी करणार आहेत. दुसरी अंबडला कामाला आहे. सातपूरपर्यंत आमच्याबरोबर येते आणि पुढे एकटी जाते. तिला अंबडच्या बाजूला सोबत हवी आहे. सिडको किंवा पाथर्डी फाट्याकडून अंबडला सायकलने जाणारं कुणी असेल तर तिला सकाळी सव्वाआठला आयटीआय सिग्नलला भेटावं, ती निळ्या हेल्मेटमध्ये असते.